अभ्यास कादंबरीत मुरतो तेव्हा: अलीकडे वाचलेल्या काही कादंबऱ्यांविषयी

गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या कादंबऱ्यांविषयी स्पष्ट मते मांडावीत आणि इतरांची ऐकावीत, यासाठी हा धागा काढत आहे. या कादंबऱ्या एका जातीच्या नाहीत. दोन धरणग्रस्तांवरच्या आहेत, एक ऐतिहासिक आहे, एक वानरांच्या टोळ्यांवरची आहे, एक जपानी रहस्यकादंबरी आहे, एक अंतराळस्थानकात घडते आणि एक आपल्या नजीकच्या भविष्याविषयी बोलते. त्या एकामागून एक वाचताना मला सतत एकच प्रश्न पडत गेला: लेखकाने मिळवलेली माहिती कादंबरीत नेमकी कोठे राहते? ती पात्रांच्या जगण्यात विरघळते, की निवेदनात वेगळी तरंगत राहते? ‘लेखकाने प्रचंड अभ्यास केला आहे’ हे वाक्य आपल्याकडे कादंबरीची सर्वांत मोठी प्रशंसा म्हणून वापरले जाते, आणि ते मला मान्य नाही. अभ्यास ही लेखकाची पूर्वतयारी झाली. त्या तयारीतून कादंबरी उभी राहिली की नाही, हे वाचकाने स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’पासून सुरुवात करतो. ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जांभळी हे गाव धरणाच्या पाण्याखाली जाते आणि खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस गावकऱ्यांच्या हक्कांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहतो, असा तिचा ऐवज आहे. लेखक स्वतः प्रशासनात असल्यामुळे भूसंपादन, मोबदला, लाभक्षेत्रातील (धरणाचे पाणी मिळणाऱ्या भागातील) पर्यायी जमीन आणि या सगळ्या व्यवहारात मध्येच उभे राहणारे दलाल यांचे चित्र बाहेरून पाहणाऱ्याला जमणार नाही इतके नेमके आहे. कादंबरीचा आकार मोठा आहे, आणि तो योग्यच आहे असे मला वाटते. कागदाच्या मागे धावताना माणसाचे आयुष्य कसे संपते, हे थोडक्यात सांगता येत नाही. वाचकालाही त्या हेलपाट्यांचा थकवा जाणवावा लागतो.

माझी तक्रार पात्रांविषयी आहे. अनेक ठिकाणी असे वाटते, की अन्यायाचा एकेक प्रकार आधी निश्चित झाला आणि मग तो दाखवण्यासाठी एकेक माणूस निर्माण झाला. दुष्ट माणसे पहिल्या प्रवेशापासूनच दुष्ट आहेत, त्यामुळे यंत्रणेतला साधा, भला कारकूनसुद्धा केवळ नियम पाळून एखाद्याचे आयुष्य कसे उद्ध्वस्त करू शकतो, हा अधिक भयंकर भाग मागे पडतो. खैरमोडे गुरुजी मात्र याला अपवाद आहेत. त्यांचा शासनावरचा विश्वास जसजसा झिजतो, तसतशी माहिती आणि माणूस ही दोन्ही एक होतात, आणि त्या प्रकरणांत ही कादंबरी खरोखर मोठी होते.

त्यानंतर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली, जिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय पुन्हा धरणामुळे उठलेल्या गावाचाच आहे, पण येथे कागदपत्रे जवळजवळ नाहीत. गाव उठले, माणसे दुसरीकडे गेली आणि काही जनावरे मागे राहिली. देवाप्पा आपली म्हैस आणण्यासाठी जुन्या गावाच्या रानात परततो, तर ती म्हैस आता रानटी झालेली आहे, माणसाला ओळखायला तयार नाही. एवढ्या एका घटनेवर खोत यांनी सगळा भार टाकला आहे आणि तो भार ती घटना पेलते. गोठ्यातले जनावर माणूस निघून गेल्यावर रानाचे झाले; त्याचा धनी मात्र नव्या वसाहतीत कोणाचाच झाला नाही. ही तुलना लेखक कोठेही उच्चारून दाखवत नाही. पाऊलवाटा, पाणवठे, झाडोरा, ओसाड पडलेल्या भिंती यांतून देवाप्पा चालत राहतो आणि आपल्याला कळत जाते, की गाव म्हणजे अंगात भिनलेले एक ज्ञान असते आणि ते नव्या जागी उपयोगाचे राहत नाही. मला ‘रिंगाण’ ही ‘झाडाझडती’पेक्षा कादंबरी म्हणून सरस वाटली. कोल्हापूरकडची बोली त्या भागाबाहेरच्या वाचकाकडून सावकाशी मागते. तो दोष समजू नये. दोष सांगायचाच तर मध्यभागी देवाप्पाचे मनोगत काही वेळा स्वतःलाच पुन्हा सांगते आणि तेथे पाठलागाची धार बोथट होते.

जनावराचा विषय निघालाच आहे, तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’कडे वळतो. १९८२ ची ही छोटी कादंबरी मी या वेळी पुन्हा वाचली. वानरांच्या टोळ्या, त्यांची हद्द, टोळीप्रमुख नराला बाहेरून आलेल्या नराने हुसकावणे आणि नव्या प्रमुखाने आधीची पिल्ले मारणे, हे सगळे प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवलेले वास्तव आहे. माडगूळकरांना ते माहीत होते, त्यांनी रानात बसून पाहिलेही होते. तरी एकाही पानावर ते आपल्याला वर्तनशास्त्र शिकवत नाहीत. पिल्लू मारले जाते, आई ते मेलेले पोर काही काळ वागवते, टोळी पुढे सरकते, आणि वाक्ये लहान लहान होत जातात. या घटनांना राजकारणाचे रूपक मानून वाचण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि शीर्षक तसे सुचवते हेही खरे. परंतु रूपक म्हणूनच वाचले तर वानरांचे वानरपण हरवते आणि या कादंबरीची सगळी ताकद त्याच वानरपणात आहे, असे माझे ठाम मत आहे.

सामंथा हार्वी यांच्या ‘ऑर्बिटल’ला २०२४ चे बुकर पारितोषिक मिळाले. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातील सहा जण, पृथ्वीवरचा एक दिवस आणि त्या दिवसात होणाऱ्या पृथ्वीच्या सोळा प्रदक्षिणा, इतकाच तिचा विस्तार आहे. त्यांच्यातील जपानी स्त्रीला आईच्या मृत्यूची बातमी कळते आणि खाली एक चक्रीवादळ फिलिपाईन्सकडे सरकत असते. भाषा अतिशय सुंदर आहे. पण हे सौंदर्य सहाही माणसांच्या वाट्याला सारखेच येते, त्यामुळे विचार कोण करत आहे हे बऱ्याचदा कळत नाही. सगळे जण एकाच कवीच्या आवाजात विचार करतात. आई गेलेली स्त्री तेवढी वेगळी उभी राहते, कारण तिच्यापाशी खिडकीतून दिसणाऱ्या पृथ्वीखेरीज स्वतःचे असे काही आहे. पुरस्कारामुळे माझ्या अपेक्षा वाढल्या होत्या हे गृहीत धरूनही, ही कादंबरी मला एका उत्तम दीर्घ निबंधाइतकीच वाटली.

याउलट, केवळ रंजन म्हणून उचललेल्या केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ने मला बराच काळ सोडले नाही. मूळ जपानी पुस्तक २००५ चे आहे आणि त्याला जपानमधील प्रतिष्ठेचे नाओकी पारितोषिक मिळाले. मी इंग्रजी अनुवाद वाचला. यासुको ही एकटीने मुलगी वाढवणारी स्त्री जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. तिचा त्रास देणारा पूर्वीचा नवरा तिच्या घरात मारला जातो आणि शेजारी राहणारा इशिगामी हा गणिताचा शिक्षक तिला वाचवण्याची जबाबदारी घेतो. खून कोणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच माहीत असते. तरीही लेखकाने आपल्यापासून काहीतरी लपवले आहे, आणि ते लपवताना एकही खोटे वाक्य लिहिलेले नाही. इशिगामी परीक्षेत असे प्रश्न घालतो, जे भूमितीचे वाटतात पण सुटतात दुसऱ्याच रीतीने, आणि हे आपल्या डोळ्यांदेखत सांगितलेले असते. गणित येथे पात्राला चिकटवलेला व्यवसाय नाही. या माणसाला प्रेमसुद्धा एखाद्या निर्दोष सिद्धतेसारखेच करता येते, आणि त्यामुळेच शेवट वाचताना धक्क्यापेक्षा दुःख जास्त होते. रहस्यकादंबरीला दुय्यम मानणाऱ्यांनी ही अवश्य वाचावी.

विज्ञानकादंबरीविषयी थोडक्यात. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ पुन्हा वाचली. प्राचीन प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेली पेटी, तिच्या आधारे घडवलेला वामन हा यंत्रमानव आणि त्यातून उद्भवणारा धोका ही कल्पना आजच्या यंत्रबुद्धीच्या काळात अधिकच टोकदार झाली आहे. संवाद मात्र पुष्कळदा वर्गातल्या स्पष्टीकरणासारखे होतात. मराठीत विज्ञानाचा वाचक घडवायचा होता, हे त्यामागचे कारण मी समजू शकतो आणि त्या कार्याविषयी मला आदर आहे, पण कल्पना माणसांपेक्षा मोठी राहिली, हे मत कायम आहे. नंदा खरे यांच्या ‘उद्या’मध्ये, ज्या पुस्तकासाठी २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नम्रपणे नाकारला, हे प्रमाण उलटते. पाळत, कंपन्यांच्या हाती गेलेली सत्ता, स्त्रियांची घटलेली संख्या ही त्यांच्या भविष्यातील माणसांची रोजची हवा आहे. कोणी कोणाला ती समजावून सांगत नाही. पहिली काही प्रकरणे त्यामुळे अवघड जातात, पात्रेही खूप आहेत. चिकाटीने पुढे गेल्यास हे जग आपलेच आहे आणि फक्त दोन पावले पुढे सरकलेले आहे, हे अंगावर येते.

ऐतिहासिक कादंबरी म्हणून विश्वास पाटील यांच्याच ‘पानिपत’वर लिहायचे आहे, पण त्याबद्दल मतभेद होणार हे माहीत असल्याने आधी इतरांचे म्हणणे वाचावे असे वाटते.

प्रतिसाद: बुडीत क्षेत्र

आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून असहमती नोंदवतो. आमचे गाव धरणात गेले. माझे वडील खातेदार होते आणि मोबदल्यातील ६५ टक्के रक्कम पर्यायी जमिनीसाठी कापून घेतली जाणे म्हणजे काय, हे आमच्या घराने अनुभवले आहे. धरणग्रस्तांची नोंद असलेल्या संकलन रजिस्टरमध्ये नाव नसले तर माणूस जिवंत असूनही विस्थापित ठरत नाही. नव्या गावठाणातल्या १८ नागरी सुविधा कागदावर पूर्ण असतात आणि नळाला पाणी नसते. ‘झाडाझडती’ माझ्या वडिलांनी दोनदा वाचली, आणि त्यांना त्यात पात्रे सपाट आहेत असे कधी वाटले नाही, कारण ती माणसे त्यांनी कचेरीत प्रत्यक्ष पाहिली होती. आपल्याला जी माहिती तरंगताना दिसते, तीच आमच्यासारख्यांना आपल्या बाजूची पहिली साक्ष वाटली. ‘रिंगाण’ मलाही फार आवडली. मात्र ती लिहिली गेली तेव्हा विस्थापन म्हणजे काय हे वाचकाला ठाऊक झालेले होते, आणि ते ठाऊक करून देण्यात आधीच्या कादंबरीचा वाटा आहे. पहिल्याने रस्ता खणला म्हणून दुसऱ्याला हलक्या पावलांनी चालता आले.

धागाकर्ता

आपला प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याला घाईने उत्तर देणे योग्य होणार नाही. साक्ष म्हणून ‘झाडाझडती’चे मोल मी पूर्णपणे मान्य करतो. या विषयावर काम करणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याने ती वाचायला हवी असे मला वाटते. माझा प्रश्न एवढाच आहे, की साक्ष देणाऱ्या कादंबरीकडून आपण माणसांच्या गुंतागुंतीची अपेक्षा सोडून द्यावी काय? आपल्या वडिलांनी कचेरीत पाहिलेल्या माणसांपैकी एखादा असाही असेल, ज्याला वाईट वाटत होते आणि तरीही त्याने सही केली. मला तो माणूस कादंबरीत हवा होता. तो आला असता तर साक्ष अधिक जड झाली असती. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र आपले म्हणणे मला पटले: ‘रिंगाण’मधील मौनाला आधीच्या कादंबऱ्यांच्या बोलण्याचा आधार आहे, आणि दोन्हींना एकाच काट्यावर तोलताना हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे.

प्रतिसाद: निळी शाई

‘ऑर्बिटल’विषयी आपण केलेला निवाडा मला कठोर वाटतो. सहा जणांचे आवाज एकमेकांत मिसळणे हा तेथे दोष नसून रचनेचाच भाग आहे. दर दीड तासाला सूर्योदय पाहणाऱ्या, एकमेकांनी श्वासातून सोडलेली हवा आणि शुद्ध करून पुन्हा प्यायचे पाणी वाटून घेणाऱ्या माणसांमधल्या सीमा पुसट होणे स्वाभाविक आहे. कादंबरीत कथानक असलेच पाहिजे असा आपला आग्रह दिसतो. मराठीतही असे प्रयोग झाले आहेत, ज्यांत घटना जवळजवळ नाहीत आणि तरीही कादंबरी उभी राहते. श्याम मनोहर यांच्या कादंबऱ्यांत माणसे बहुतांश वेळ विचारच करीत असतात.

धागाकर्ता

कथानक हवेच असा आग्रह नाही. ‘रिंगाण’मध्येही कथानक किती आहे? आपण श्याम मनोहरांचे नाव घेतले ते फार बरे झाले, कारण माझा मुद्दा त्यांच्याच आधारे सांगता येतो. त्यांची माणसे विचार करतात तेव्हा प्रत्येकाचा विचार त्याच्या घरातून, नोकरीतून, लग्नातून निघतो आणि तेथेच अडखळतो. चाळीतला किंवा फ्लॅटमधला माणूस विश्वाविषयी बोलू लागतो, तरी तो तोच माणूस राहतो. हार्वी यांच्या पात्रांचे विचार अडखळत नाहीत. ते सहज वाहतात, आणि त्या सहजतेमुळेच मला त्यांच्यावर विश्वास ठेवणे जड गेले. हवा आणि पाणी वाटून घेण्याविषयी आपण जे लिहिले आहे, त्या दृष्टीने पुन्हा एकदा काही भाग वाचून पाहीन.

प्रतिसाद: गुलमोहर पेठ

सरकारी माहिती कथेत मुरल्याचे उत्तम उदाहरण धाग्यात यायलाच हवे, म्हणून रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’चे नाव सुचवते. साक्षरता अभियानाचे आदेश, बैठका, प्रशिक्षणे, सर्वेक्षणे यांचा एवढा भडिमार त्या कादंबरीत आहे, की दुसऱ्या कोणाच्या हातात ते असह्य झाले असते. येथे आदेश हेच कथानक आहे. वरून एक कागद निघतो, खाली येईपर्यंत त्याचा अर्थ बदलतो, आणि शाळेतल्या गुरुजींना त्या बदललेल्या अर्थाप्रमाणे माणसे साक्षर झाल्याचे दाखवावे लागते. हसता हसता वाईट वाटू लागते. लेखक स्वतः शिक्षक असल्याने त्यांनी शिक्षकांना निर्दोष ठरवलेले नाही, हेही मला महत्त्वाचे वाटले.

आणखी एक. माहितीने भरलेल्या कादंबऱ्यांसोबत चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ ठेवून पाहावी. कोकणातल्या गावातली श्रद्धा, साक्षात्कार आणि त्यातून घडत जाणारा अनर्थ यांचे कोणतेही स्पष्टीकरण खानोलकर देत नाहीत. साक्षात्कारातला कोंडुरा खरा होता की मनाचा खेळ, हे शेवटपर्यंत ठरत नाही. काही विषयांत लेखकाला सगळे माहीत नसणेच आवश्यक असते, असे मला ती वाचून वाटले.

धागाकर्ता

‘निशाणी डावा अंगठा’विषयी पूर्ण सहमती. ‘झाडाझडती’मध्ये मला ज्या भल्या, नियम पाळणाऱ्या, तरीही अन्याय करणाऱ्या माणसाची उणीव भासली, तो या कादंबरीत सर्वत्र आहे. ‘कोंडुरा’विषयी आपण लिहिले ते वाचून ती यादीत वर घेतली आहे.

प्रतिसाद: सायंतारा

‘पानिपत’वर आपण लिहायचे टाळू नये. मी ती शाळेत असताना वाचली आणि आमच्या पिढीतील अनेकांना १४ जानेवारी १७६१ हा दिवस त्याच कादंबरीमुळे ठाऊक झाला. आता मोठेपणी वाचताना काय वाटते, हे जाणून घ्यायला आवडेल.

धागाकर्ता

आग्रहाबद्दल आभार, आता लिहितो. १९८८ साली आलेल्या या कादंबरीने एका पराभवाकडे पाहण्याची मराठी माणसाची दृष्टी बदलली, आणि सदाशिवरावभाऊंना केवळ हट्टी सेनापती म्हणून बाजूला सारणे त्यानंतर कठीण झाले, हे तिचे मोठेच ऋण आहे. या वेळी वाचताना मला सर्वांत जास्त जाणवला तो उपासमारीचा भाग. लढणाऱ्यांच्या कितीतरी पट न लढणारी माणसे, यात्रेकरू आणि बायकापोरे सोबत, रसद तुटलेली, जनावरे मरू लागलेली, आणि शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असा निर्णय. धान्याचा भाव आणि घोड्यांच्या चाऱ्याची चणचण या गोष्टी तेथे माहिती राहत नाहीत. त्या गोष्टीच सेनापतीचा निर्णय घडवतात, आणि इतिहासाचा अभ्यास कथेत मुरणे म्हणजे काय याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. जेथे वीरश्रीची भाषणे सुरू होतात, तेथे मात्र अठराव्या शतकातील सरदार विसाव्या शतकातील व्यासपीठावर उभे राहिल्यासारखे बोलतात.

या भाषणांवर उतारा हवा असेल त्यांनी नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ वाचावी. शतक तेच, पण निवेदक सामान्य. जीव वाचवणे, पोट भरणे आणि दिसेल ते नोंदवणे एवढेच त्याचे उद्दिष्ट. बखरीच्या भाषेची लय खरे यांनी इतकी सांभाळली आहे, की अभ्यास किती केला असेल हा प्रश्न वाचताना सुचतही नाही. दोन्ही एकापाठोपाठ वाचल्यास सरदारांच्या डेऱ्यातून दिसणारा आणि बाजारबुणग्यांच्या तळावरून दिसणारा असा अठराव्या शतकाचा काळ दोन बाजूंनी समोर येतो. सायंतारा, आपण ती वाचली नसेल तर तिच्यापासून आरंभ करून मग ‘पानिपत’कडे पुन्हा यावे, आणि भाषणांविषयीचे माझे मत आपल्याला पटते का ते येथे अवश्य लिहावे.